मारामारीच्या आधी माणूस

संध्याकाळच्या विरार फास्टने बोरिवली सोडली की डब्यात एक वेगळीच हालचाल सुरू होते. मीरा रोड आणि भाईंदरला उतरणारे उठतात, पाठीवरची बॅग छातीवर घेतात आणि पुढच्याच्या खांद्याला हात लावून विचारतात, "मीरा रोड?" पुढच्याने मान हलवली तर ठीक. नाही हलवली, तर त्याला ओलांडून जायचं. दारात विरारवाले उभे. त्यांचं म्हणणं जुनं आणि ठाम आहे: भाईंदरला उतरायचं होतं तर भाईंदर लोकल पकडायची होती, विरारमध्ये कशाला चढलात? भाईंदरवाल्याचंही म्हणणं तितकंच ठाम आहे: गाडी इथे थांबते ना? मग चढणार. दहिसर मागे पडतं. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. गाडी किती सेकंद थांबणार तेही ठाऊक असतं. आणि मधल्या सहा फुटांत कोण कोण उभं आहे, ते तर डोळ्यांसमोरच असतं.

या प्रसंगात चांगल्या थरारपटाचं सगळं सामान आहे. जागा स्पष्ट आहे, वेळ मोजकी आहे. समोरचा माणूस खलनायक नाही, त्याचीही बाजू आहे. धक्काबुक्की झालीच तर ती दोन सेकंदांत संपते. पण घरी जाऊन आपण काय सांगतो? "तो पांढऱ्या शर्टवाला, पन्नाशीचा, रोज गप्प असतो बिचारा, आज त्याने कॉलरच धरली." धक्का कसा बसला हे आपण सांगतच नाही. कुणी धरली, ते सांगतो.

पडद्यावरही नेमकं हेच घडतं, आणि हे मला अजून विलक्षण वाटतं. एखाद्या सिनेमात नायक वीस जणांना लोळवतो आणि आपण शांतपणे पॉपकॉर्न खात असतो. दुसऱ्या सिनेमात चष्मा लावलेला एक बँक कर्मचारी थंड पेयाच्या बाटलीवर दोन रुपये जास्त मागणाऱ्या दुकानदाराशी वाद घालतो, त्याच्या हातात क्रिकेटची बॅट येते आणि आपला श्वास अडकतो. असं का होतं?

तो बँक कर्मचारी म्हणजे माधव आपटे. सिनेमा 'डोंबिवली फास्ट', साल 2005, दिग्दर्शक निशिकांत कामत, आणि आपट्यांच्या भूमिकेत संदीप कुलकर्णी. कामतांचा हा पहिलाच सिनेमा, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. सुरुवातीला बराच वेळ त्यात काहीच 'घडत' नाही. गजर होतो, आंघोळ उरकते, डबा भरला जातो, लोकल येते, बँक उघडते, पुन्हा लोकल, पुन्हा घर. मग तेच पुन्हा. आणि पुन्हा. तुकडे तेच, फक्त दर वेळी थोडे आखूड आणि थोडे वेगात येतात. थिएटरात पहिल्यांदा लोक हसतात, कारण ते स्वतःलाच पाहत असतात. दुसऱ्यांदा हसू कमी होतं. नंतर छातीत काहीतरी दाटायला लागतं. या मिनिटांत एकही ठोसा नाही, पण पुढच्या सगळ्या ठोशांची ताकद इथेच साठते. आपटे बॅट उचलतो तेव्हा ती कुठून उचलली गेली हे आपल्याला आतून माहीत असतं. दोन रुपयांचा प्रश्न दोन रुपयांचा नसतो, हे मीरा रोडच्या रिक्षा स्टँडवर उभं राहिलेल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

जाणकार म्हणतील, ही कल्पना हॉलिवूडच्या 'फॉलिंग डाउन'शी जुळते. 1993 च्या त्या सिनेमात मायकेल डग्लस लॉस एंजेलिसच्या वाहतूक कोंडीत गाडी सोडून चालू पडतो. साम्य आहेच. पण डग्लसचा तो माणूस पहिल्यापासून थोडा भीतिदायक आहे. आपट्यांची भीती वाटत नाही, त्यांची काळजी वाटते. हा फरक मारामारी रचून येत नाही. तो डब्यातून, गजरातून, शिस्तीत इस्त्री केलेल्या शर्टातून येतो. पुढे कामतांनीच माधवनला घेऊन 2007 मध्ये 'एवनो ओरुवन' हा तमिळ अवतार केला. डोंबिवली तमिळमध्ये जाऊ शकते, कारण लोकलमधला माणूस कुठल्याही शहरात सापडतो.

आता या सगळ्यातली मला सर्वांत मजेची वाटणारी गोष्ट. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ जसं एक गोष्ट बदलतात आणि बाकी सगळं तसंच ठेवतात, तसा एक प्रयोग कामतांच्या हातून नकळत होऊन गेला. 2015 मध्ये त्यांनी हिंदी 'दृश्यम' केला. 2016 मध्ये 'रॉकी हँडसम'. दिग्दर्शक तोच. दोन्हींची पार्श्वभूमी गोवा. दोन्ही रिमेक: पहिला जीतू जोसेफच्या मल्याळम सिनेमाचा, दुसरा 'द मॅन फ्रॉम नोव्हेअर' या 2010 च्या कोरियन सिनेमाचा. आणि दोन्हींचा गाभाही जवळजवळ एकच: एका मुलीला वाचवण्यासाठी एक साधा दिसणारा माणूस कुठल्या थराला जातो.

'रॉकी हँडसम'मध्ये जॉन अब्राहमच्या चाकूच्या मारामाऱ्या खरोखर सफाईदार आहेत. हाताची पकड, पावलांची जागा, समोरच्याचं वजन त्याच्याच विरुद्ध वापरण्याची पद्धत, यात कुणी आळस केलेला नाही. शिवाय खलनायकांपैकी एक स्वतः कामतच आहेत, आणि त्यांनी तो मजेत केला आहे. 'दृश्यम'मध्ये अजय देवगणचा विजय साळगावकर कुणालाही ठोसा मारत नाही. उलट मार तोच खातो, त्याची बायको खाते, पोरी खातात. ज्या नटाची ओळखच मारामारीच्या सिनेमांनी झाली, त्याच्या हातांना इथे काहीच काम नाही. आणि तरीही यातला कुठला सिनेमा लोक अजून दर 2 ऑक्टोबरला आठवतात, ते सांगायला नको. त्या तारखेसाठी विजयने रचलेली पणजीच्या सत्संगाची आणि पावभाजीची हकीगत हा तर आता विनोदाचा विषय झाला आहे.

'दृश्यम'चा पूर्वार्ध संथ आहे अशी तक्रार तेव्हा झाली होती. मला ती पटत नाही. चौथी नापास झालेला केबलवाला रात्र रात्र ऑफिसात बसून सिनेमे बघतो, पैसे जपून वापरतो, बायकोशी फोनवर लाडीगोडी करतो, गावातल्या मुजोर सब-इन्स्पेक्टरकडे तिरक्या नजरेने बघतो. यातली एकही गोष्ट वाया जात नाही. कमलेश सावंतांचा तो गायतोंडे पुढे लहान पोरीवर हात उगारतो तेव्हा आपण खुर्चीत पुढे सरकतो, कारण ते घर आपण आतून पाहिलेलं असतं. त्या घरात कोण कशाला घाबरतं, ते आपल्याला माहीत असतं. आणि समोर तब्बूची मीरा देशमुख आहे, ती नुसती कडक अधिकारी नाही, मुलगा हरवलेली आई आहे. तिच्या क्रौर्यालाही घर आहे.

'रॉकी हँडसम'मध्ये त्या शेजारच्या मुलीची आणि नायकाची ओळख घाईत उरकली आहे. त्याचा भूतकाळ गाण्यांतून आणि आठवणींतून सांगितला जातो. तो आपल्याला कळतो, पण आपण त्यात राहत नाही. म्हणून मारामारी सुरू झाली की आपण कारागिरीला दाद देतो, एवढंच. मूळ कोरियन सिनेमातल्या मारामाऱ्या जवळपास तशाच आहेत, पण तिथे त्या दोघांचं नातं जपून, थोड्या शब्दांत विणलं आहे, आणि त्याच मारामाऱ्यांना तिथे धार चढते. तेव्हा दोष चाकूचा नाही.

यामागचं यंत्र समजून घेतलं की चक्रावून जायला होतं. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक साधा खेळ केला. एका नटाचा भावहीन चेहरा घेतला आणि त्याला कधी सूपच्या वाडग्याशी, कधी शवपेटीशी, कधी एका स्त्रीच्या दृश्याशी जोडलं. चेहरा तोच होता. पण पाहणाऱ्यांना त्यात भूक दिसली, दुःख दिसलं, ओढ दिसली. नटाने काही केलंच नव्हतं. भावना प्रेक्षकाने स्वतःच्या खिशातून काढून त्याच्या चेहऱ्यावर ठेवली होती. पडद्यावरच्या ठोशाचंही तेच आहे. ठोसा म्हणजे काही चित्रांचा तुकडा. त्याचा अर्थ आपण घालतो. आणि अर्थ घालायला आपल्याकडे काही असावं लागतं, ते आधीच्या तासाभरात दिग्दर्शकाने दिलेलं असतं, किंवा दिलेलं नसतं.

ठोशाची स्वतःची गंमत तर आणखी वेगळी. काशीमिऱ्यापासून घोडबंदर रस्त्याच्या बाजूला, तिकडे नायगावपर्यंत मालिकांचे सेट उभे असतात. या पट्ट्यात राहणाऱ्यांना शूटिंगची नवलाई उरलेली नाही. व्हॅनिटी व्हॅनमुळे रस्ता अडला की आपण फक्त वैतागतो. पण अशा सेटवर फाइट मास्टर तालीम घेत असेल तर पाच मिनिटं जरूर थांबून बघावं. मारणाऱ्याचा हात समोरच्याच्या गालापासून बऱ्यापैकी लांबून जातो. कॅमेरा अशा कोनात ठेवलेला असतो की मधली फट दिसत नाही. नीट बघितलं तर मारणारा फक्त हात फिरवतो. ठोसा 'बसवतो' तो मार खाणारा: मान झटकन वळवून, खांदा पाडून, पाय सोडून. त्याचं टायमिंग अर्ध्या क्षणाने चुकलं की सगळं हास्यास्पद होतं. म्हणजे पडद्यावरची मारामारी हे मार खाणाऱ्याचं कौशल्य आहे, ज्याचं नाव श्रेयनामावलीत बारीक अक्षरांत येतं किंवा येतच नाही. आवाज तर नंतर, बंद खोलीत, भलत्याच वस्तूंवर आपटून तयार होतो. हाड मोडल्याचा आवाज पुष्कळदा भाजीच्या कडक देठाचा असतो!

म्हणजे हात खोटा, अंतर खोटं, आवाज खोटा. आणि आपल्या तळहाताला सुटलेला घाम मात्र खरा. इटलीतल्या पार्मा इथल्या संशोधकांना 1990 च्या दशकात माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या एखादी कृती करताना जागतात आणि तीच कृती दुसऱ्याने केलेली नुसती बघतानाही जागतात. माणसात त्यांचं काम नेमकं किती, यावर अजून वाद चालू आहे, म्हणून सिनेमाची सगळी जादू त्यांच्या नावावर लावणं घाईचं होईल. शिवाय त्या पेशींनी एक कोडं सुटत नाही. शरीर प्रत्येक ठोशाला दाद देत असेल तर अकराव्या गुंडापाशी जांभई का येते?

ती येते कारण काहीच पणाला लागलेलं नसतं. हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. दोघे गप्पा मारतायत, अचानक स्फोट होतो: पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब आहे हे आपल्याला आधी दाखवलं, तर त्याच फुटकळ गप्पा पंधरा मिनिटं जीव मुठीत धरायला लावतात. हे उदाहरण सगळे सांगतात. मला त्यात एक भर घालावीशी वाटते: टेबलाशी कोण बसलंय हेही कळलं पाहिजे. दोन अनोळखी माणसं बसली असतील तर आपण घड्याळाकडे बघू. आपले आपटे बसले असतील तर बॉम्बही नको, बिल जास्त आलं तरी पुरे.

मग माणूस मारामारीच्या आत कसा आणतात? कोरियाच्याच 'ओल्डबॉय'मध्ये (2003) एक प्रसिद्ध प्रसंग आहे. पंधरा वर्षं एका खोलीत कोंडलेला ओ दे-सू अरुंद बोळात हातोडी घेऊन जमावाशी लढतो. कॅमेरा बाजूने, संथपणे सरकतो, आणि मध्ये एकही कट नाही. त्यातली खुबी हातोडीत नाही. तो दमतो. धापा टाकतो, खाली पडतो, पाठीत चाकू खुपसलेला असताना पुन्हा उठतो. गुंडही दमतात, थबकतात, एकमेकांकडे बघतात. कोंडलेल्या खोलीत भिंतीवर ठोसे मारून शिकलेला हा माणूस आता खऱ्या अंगांवर हात टाकतोय, हे त्याच्या अंगाकडे बघून समजतं. कट मारून हे लपवता आलं असतं. दिग्दर्शक पार्क चॅन-वूकने लपवलं नाही.

आपल्याकडे याचा कळस 1983 मध्येच गाठला गेला होता, आणि तोही मराठी मातीतून. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन: 'अर्धसत्य'. भाषा हिंदी, पण अनंत वेलणकर, ज्योत्स्ना गोखले ही नावंच सांगतात की पाणी कुठलं आहे. ओम पुरींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रामा शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर मराठी रंगभूमीवरून आले होते, मूळचे अहमदनगरचे. हिंदी प्रेक्षकांनी असा खलनायक तोवर पाहिला नव्हता: आवाज न चढवणारा, घरगुती, जवळजवळ कंटाळलेला.

'अर्धसत्य'मधली हिंसा मोजली तर आजच्या कुठल्याही सिनेमापेक्षा कमीच निघेल. पण प्रत्येक वेळी तिचा पत्ता चुकलेला असतो. पोलिसात असलेला बाप आईला मारायचा आणि लहान अनंत बघत राहायचा. त्याला एम. ए. करायचं होतं, बापाने जबरदस्तीने वर्दी चढवली. मोठेपणी तो एक डाकू पकडतो, पण श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला जातं. त्या रात्री दारू पिऊन तो कोठडीतल्या एका भुरट्या चोराला मारतो, इतकं की चोर मरतो. तो चोर कोण? कुणीच नाही. अनंतचे हात बापाला, साहेबांना, रामा शेट्टीला, स्वतःला मारत होते, आणि खाली सापडला तो चोर. बघताना आपल्याला आवेश येत नाही, लाज वाटते. नायकाच्या हातून झालेल्या मारहाणीची लाज वाटायला लावणं हे फार थोड्या सिनेमांना जमलंय. शेवटी वाचण्यासाठी त्याला त्याच रामा शेट्टीच्या दारात जावं लागतं. शेट्टी मदत करायला तयार असतो, फक्त आता तू माझा माणूस. अनंत त्याचा गळा दाबतो आणि चौकीवर येऊन कबुली देतो. ना स्लो मोशन, ना टाळीचं वाक्य. पहिल्यांदाच हात बरोबर पत्त्यावर पोचले, आणि त्याने सगळं गमावलं.

पुढच्या मुंबईपटांवर या सिनेमाचं ऋण आहे. 1998 च्या 'सत्या'तल्या भिकू म्हात्रेचंच बघा. म्हात्रे हे तर आपल्या या खाडीकाठचं आडनाव, भाईंदरपासून उरणपर्यंत कुठेही हाक मारा, दोनचार जण वळून बघतील. मनोज बाजपेयी बिहारचे, पण त्यांनी तो माणूस बायकोशी भांडताना, पोरांत रमताना, मित्राच्या गळ्यात पडून हसताना असा उभा केला की भाऊ ठाकूरदास गप्पांच्या ओघातच त्याला गोळी घालतो तेव्हा थिएटर सुन्न होतं. एका सेकंदाचा प्रसंग. त्यात कौतुक करण्यासारखी मारामारी शून्य. 2018 चा प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' याच वाटेचा. तिथे कोयता समजून घ्यायला सातबारा समजून घ्यावा लागतो. जमीन विकून बसलेला बाप आणि गुन्हेगारीकडे वळलेला मुलगा. मिठागरांच्या आणि भातशेतीच्या जागी टॉवर उभे राहिलेले पाहणाऱ्या आपल्या भागात हे कुणाला परकं वाटेल? नंतर आलेल्या पुष्कळ सिनेमांनी यातला फक्त कोयता उचलला आणि सातबारा तिथेच ठेवला, हे दुर्दैव.

निशिकांत कामत 17 ऑगस्ट 2020 ला हैदराबादमध्ये गेले. वय अवघं 50. 'लय भारी'सारखा शिट्ट्यांचा सिनेमाही त्यांनी केला, 'फोर्स'सारखा तगडा पोलीसपटही. धडाका त्यांना येत होताच. पण त्यांच्या कामातून एक हात निवडा म्हटलं तर मी आपट्यांचा बॅट धरलेला हात निवडेन. ती बॅट धरण्याची पद्धतसुद्धा मारामारी येणाऱ्या माणसाची नाही.

पुढचा ॲक्शनपट घरी लावाल तेव्हा एक करून बघा. पहिली मोठी मारामारी सुरू झाली की पॉज करा आणि शेजारी बसलेल्याला विचारा, हा माणूस आत्ता हरला तर त्याचं नेमकं काय जाईल? 'पोरीचा विश्वास', 'बापाचं तोंड', 'नोकरी', 'स्वतःबद्दलचं मत' असं काहीही उत्तर आलं तर उठू नका, पाणी प्यायलासुद्धा. पण 'जीव जाईल, दुसरं काय' एवढंच आलं, तर रिमोटवरचं फॉरवर्डचं बटण खुशाल दाबा.